प्रलयाची पुढची तारीख

जगबुडीची बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत येते, कारण त्यानंतर प्रलयकाकांना दूध आणायला जायचं असतं. वर गुलाबाचं फूल, त्याखाली लाल अक्षरांत 'सावधान', त्याखाली 'नासाने मान्य केले' आणि शेवटी 'आपल्या माणसांना नक्की कळवा'. काकांना आपली माणसं भरपूर. तीन विंगा, सासुरवाडी, बँकेतले निवृत्त सहकारी आणि हास्यक्लब. जग बुडताना 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' म्हणायची सोय त्यांनी कुणालाही ठेवलेली नाही.

हा माणूस भित्रा असेल असं लांबून वाटतं. पण काकांइतका निर्धास्त माणूस आमच्या विंगेत दुसरा नाही. रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून कॉस्मिक किरणं येणार, मोबाइल उशाशी ठेवू नका, असं शंभर जणांना कळवून ते स्वतः दहा वाजता घोरू लागतात. मोबाइल उशाशीच असतो. गजर लावलेला असतो ना, दुधाचा.

प्रलयातली त्यांची सेवाज्येष्ठता मोठी. 1962 च्या फेब्रुवारीत मकर राशीत अष्टग्रही झाली तेव्हा ते शाळेत होते. देशभर यज्ञ झाले, मंत्र झाले. काकांना त्यातला प्रसादाचा शिरा अजून आठवतो. 1982 साली सगळे ग्रह सूर्याच्या एका बाजूला गोळा होणार होते. दोन शास्त्रज्ञांनी 1974 मध्येच पुस्तक काढून ठेवलं होतं: ग्रहांच्या ओढीने सूर्यावरचे डाग वाढतील, सौरवारा पृथ्वीच्या वातावरणाला धक्का देईल, पृथ्वीची फिरकी अडखळेल आणि कॅलिफोर्नियातली भेग हलेल. ही माळ काका आजही एका दमात म्हणतात. भेग त्या दिवशी जागची हलली नाही, हा भाग त्यांच्या पाठांतरात नाही. मग 2012 चा डिसेंबर आला, माया लोकांची दिनदर्शिका संपली. त्या महिन्याचा मेंटेनन्स काकांनी 21 तारखेपर्यंत रोखून धरला. बावीसला भरला, आणि उशिराचं व्याज का लावलं म्हणून खजिनदाराशी तासभर भांडले.

पण काकांचा लाडका प्रलय म्हणजे सूर्याचे ध्रुव उलटण्याचा. 2013 च्या ऑगस्टमध्ये नासाने खरोखरच सांगितलं की, तीन-चार महिन्यांत सूर्याचं चुंबकीय क्षेत्र उलटं होईल. 'नासाने मान्य केले' हे वाक्य काकांच्या फॉरवर्डमध्ये पहिल्यांदाच खरं ठरलं आणि त्या आनंदात त्यांनी गच्चीवर फ्रिजचे दोन मॅग्नेट नेऊन प्रात्यक्षिक दाखवलं. एक मॅग्नेट उलटा केला, तो दुसऱ्यापासून टुणकन उडून ड्रेनेजच्या पाइपात गेला. "बघा," काका म्हणाले, "असं होणार." काकूंना मात्र त्या मॅग्नेटवरच्या गणपतीची काळजी.

त्यानंतर काकांनी दहा वर्षं दम धरला आणि 2024 मध्ये तीच बातमी नव्या गुलाबासकट आली. या खेपेला चौथ्या मजल्यावरची मुलगी सुट्टीला घरी आली होती. ती पुण्याला आयुकात संशोधन करते, म्हणजे आदित्य एल-1 यानावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण जिथे तयार झाली तिथे. काकांनी तिला लिफ्टपाशी गाठलं.

"काय गं, सूर्य उलटा होतोय म्हणे?"

"सूर्य नाही काका, त्याचं चुंबकीय क्षेत्र. दर अकरा वर्षांनी होतं ते."

"दर?" काकांचा चेहरा उतरला. इतका तो माया लोकांनीही उतरवला नव्हता.

"तुमचा जन्म पन्नासचा ना? मग तुमच्या हयातीतलं हे सातवं."

लिफ्ट आली, गेली. मुलगी समजावत होती आणि काका मान हलवत होते, पण नकारार्थी. सूर्य घट्ट गोळा नाही, त्याचा मधला पट्टा पंचवीसेक दिवसांत फिरतो आणि ध्रुवाकडच्या भागाला महिन्याच्या वर लागतो. त्या ओढाताणीत चुंबकीय रेषांना पीळ पडत जातो, पीळ पृष्ठभागावर फुटून डाग होतात आणि त्या डागांचे अवशेष सरकत सरकत ध्रुवांपाशी जातात. ते जुन्या क्षेत्राच्या उलट्या जातीचे असतात. जुनं क्षेत्र क्षीण होत शून्यावर येतं, मग उलट बाजूने हळूहळू वाढतं. धडाका नाही, स्फोट नाही. कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं चालणारं काम.

"पहिल्यांदा हे पाहिलं ते बॅबकॉक बापलेकांनी, कॅलिफोर्नियात. 1957 साली दक्षिण ध्रुव उलटला, उत्तरेचा मात्र 1958 चा नोव्हेंबर उजाडेपर्यंत पत्ता नाही. मधलं वर्षभर दोन्ही ध्रुव एकाच जातीचे."

"म्हणजे दोघंही एकाच पक्षात? आणि विरोधी पक्षच नाही?"

"तसंच."

"आणि सूर्य चालला?"

"चालला की."

आपल्याकडेही चालतं, असं मी म्हणणार होतो, पण काका खिन्न होते. मेंटेनन्ससुद्धा याहून वेळेवर गोळा होतो, असं काहीसं ते पुटपुटले. मग एकदम उजळून त्यांनी विचारलं, "आणि पृथ्वीचे ध्रुव?"

मुलीने इथे चूक केली. खरं सांगितलं. पृथ्वीचेही उलटतात, पण शेवटचे उलटले त्याला सुमारे 7 लाख 80 हजार वर्षं झाली आणि त्या उलथापालथीला हजारो वर्षं लागतात. लाव्हा निवताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा दगडात कोरली जाते. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. महाबळेश्वरच्या बाजूला खालच्या थरांचं चुंबकत्व उलटं आहे आणि माथ्याकडच्या थरांचं आजच्यासारखं सुलटं.

"म्हणजे आम्ही स्ट्रॉबेरी खायला जातो तिथे?"

दुसऱ्या दिवशी सात वाजता: 'सावधान. महाबळेश्वरात सापडला पुरावा.'

काकांविषयी माझी तक्रार ते थापा मारतात ही नाहीच. तक्रार अशी की, सूर्य खरोखर काही करतो तेव्हा यांचं लक्ष नसतं. 1979 चा जुलै घ्या. नासाची अवकाश प्रयोगशाळा स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव माणसं धास्तावली होती, काकांनी बँकेत रजा टाकली होती. ते 77 टनी धूड ठरल्याआधी खाली का आलं? सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला होता, त्याने पृथ्वीचं वरचं वातावरण तापून फुगलं आणि स्कायलॅबला अडवू लागलं. तुकडे पडले ते ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला 400 डॉलरचा दंडही लावला. म्हणजे काकांच्या आयुष्यात सूर्याने एकदा खरंच काही खाली पाडलं होतं, आणि ते आजतागायत त्याचा दोष शनीला देतात.

किंवा 1859 चं सौरवादळ. सप्टेंबरच्या सुरुवातीला तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या आणि त्या वादळाची फार मोलाची नोंद झाली ती आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत. पुढे विजेच्या ट्राम यायच्या म्हटल्यावर तिथली नाजूक चुंबकं बिथरणार, म्हणून 1904 पासून हे काम अलिबागला नेलं. तिथे ते अजून चालू आहे. सूर्याच्या लहरी महाराष्ट्रात सगळ्यांत आधी कुणाला कळत असतील तर अलिबागकरांना, आणि आपण 'मी काय अलिबागहून आलोय?' म्हणून विचारतो. काकांचा अलिबागला प्लॉट आहे. वेधशाळा कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही.

कळस झाला 10 मे 2024 ला. ध्रुव उलटण्याचा हाच तो काळ, सूर्यावर डागांची गर्दी. रात्री साडेदहाच्या सुमाराला वीसेक वर्षांतलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन आदळलं. लडाखमध्ये हान्लेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी आकाश लाल झालेलं टिपलं. लाल आकाश! उभ्या जन्मात काकांनी याहून वेगळं काय मागितलं होतं? पण त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. काकांनी सकाळी नातीच्या लग्नासाठी दोन तोळे सोनं घेतलं (नात दुसरीत आहे), दुपारी आमरसाच्या चार वाट्या रिचवल्या आणि वादळ आलं तेव्हा ते कुशीवर वळले होते. मी दुसऱ्या दिवशी त्यांना हान्लेचा फोटो पाठवला. उत्तर आलं: 'फेक आहे. फॉरवर्ड करू नये.'

आता त्यांनी हिशोब करून पुढची तारीख काढली आहे, 2035 च्या आसपासची. या वेळी नक्की, असं त्यांनी परवाच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय'मध्ये नोंदवूनही घेतलं. त्याआधीचा विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता. कंत्राटदार दहा वर्षांची गॅरंटी देत होता. काका उठून उभे राहिले, पंधराच्या खाली सही होणार नाही म्हणाले, आणि तीही स्टॅम्पपेपरवर.

"काका, पण 2035 ला तर..." मागून कुणीतरी म्हणालं.

"ते वेगळं," काका म्हणाले. "गळती वेगळी."