शत्रू निदान हत्तीएवढा हवा

परग्रहावर तग धरून राहायच्या व्हिडिओ गेममध्ये शत्रू म्हणून महाकाय किडाच का नेमतात, याचं माझं उत्तर तयार आहे: खेळणाऱ्याचा अहंकार जपायला त्याच्याइतकं सोयीचं जनावर दुसरं नाही. वाघ मारला तर हळहळ वाटते. माणूस मारला तर, खोटा का होईना, त्याचं कुणी घरी वाट पाहत असेल असं मनात येऊन जातं. सहा पायांच्या, हिरवं रक्त ओकणाऱ्या प्राण्याची आई मात्र कुणाला आठवत नाही. आठवलीच तर ती शेवटच्या लेव्हलला बसलेली असते आणि तिच्यासाठी मोठी बंदूक मिळते. शिवाय आकार असा, की मारणारा आपोआप योद्धा ठरतो. घर ग्वाल्हेरात, बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला महादजी शिंदे, आणि तलवार मात्र आजवर काचेआडूनच पाहिलेली, अशा माझ्यासारख्या मराठी माणसाला ही व्यवस्था फार मानवते. दक्षिणेतून घोड्यावर आलेल्या घराण्यांची उरलीसुरली रग सोफ्यावर बसून जिरवता येते.

हा शत्रू मुळात उभाच राहू शकत नाही, हे सिद्ध करायला ग्वाल्हेरएवढं सोयीचं गाव नाही. जयविलास राजवाडा 1874 चा. दरबार हॉलात दोन झुंबरं टांगायची होती, एकेक साडेतीन टनांचं. छताला ती पेलतील का, हे पाहायला छतावर हत्ती चढवले होते, अशी कथा गाइड सांगतात. हत्ती आठ की दहा, यावर सांगणाऱ्यांचं एकमत नाही, आणि दहावाले आठवाल्यांकडे जरा कीव केल्यासारखं पाहतात. मला आकड्यापेक्षा बाकीचा तपशील छळतो. हत्तींना वर न्यायला उतार बांधावा लागला असणार. म्हणजे झुंबर पेलेल का हे पाहायला छत, आणि छत पेलेल का हे पाहायच्या आधी तो उतार हत्ती पेलेल का, हे कुणी पाहिलं? वर हत्ती फिरत असताना खाली उभं राहून तडा जातोय का हे बघायची नोकरी कुणाची होती? पगार महिन्याचा होता की आगाऊ? आणि छत पास झाल्याचं हत्तींना समजावून त्यांना खाली कसं आणलं? इतिहासकार मोहिमांवर खंडच्या खंड लिहितात आणि या माणसाबद्दल एक ओळ नाही. असो. मुद्दा हा, की कथा खरी धरली तर हत्ती तिथे उभे राहू शकले, कारण त्यांचे पाय त्यांच्या वजनाच्या हिशेबाने जाड आहेत. सेंटिमीटरभराचा मुंगळा तीनशे पट वाढवून हत्तीच्या उंचीला आणला, तर त्याचं वजन 2 कोटी 70 लाख पट होईल, पायांचा छेद मात्र 90 हजार पट. म्हणजे पायांवर ताण तीनशे पट. छताची परीक्षा घेणं दूरच, मुंगळा उतारावरच कोसळेल. वाढत्या आकाराचा हा हिशेब गॅलिलिओने 1638 मध्येच मांडून ठेवला आहे, आणि पुढे भारतीय नागरिक होऊन भुवनेश्वरला शेवटचे दिवस घालवणाऱ्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये त्यावर एक फर्मास निबंध लिहिला. किड्यांचा श्वासही बारीक नळ्यांतून हवा झिरपून चालतो. देह फार वाढला तर तीही पुरत नाही.

यावर जाणकार खेळाडू म्हणेल, तीस कोटी वर्षांपूर्वी मेगान्यूरा होताच की, पंखांचा पसारा दोन फुटांच्या वर. होता, तेव्हा हवेत प्राणवायू जास्त होता, हे त्याचं एक कारण मानतात. पण शेवटी तो चतुराचाच नातलग होता, 'आर्क'सारख्या खेळात कितीही डाफरला तरी. दुसरा म्हणेल, 'ग्राउंडेड'मध्ये किडे मोठे नाहीत, मुलंच मुंगीएवढी केली आहेत. हा युक्तिवाद मला पटतो, आणि त्या खेळात कोळ्याची भीती वाटणाऱ्यांसाठी त्याचे पाय काढून टाकायची सोय आहे, तीही आवडते. पण तिथेही डास आपल्याएवढाच दिसतो, समोरून येतो, भाल्याने मरतो. तिसरा म्हणेल, अहो, खेळ आहे, शास्त्र कसलं काढता? बरोबर. शास्त्राची अट नाही म्हटल्यावर शत्रू कसलाही घडवता आला असता, आणि तरी आपण मोठा, दिसणारा आणि मरणारा निवडला. मला खटकतं ते इथे.

कारण याच शहरात किड्यांशी खरी लढाई चालते, आणि ती संरक्षण खात्याची आहे. डीआरडीई ही इथली प्रयोगशाळा. अंगाला लावायचं 'डेपा' हे कीटकांना दूर ठेवणारं औषध तिनेच तयार केलं, तेही सैन्यासाठी. त्याहून मला तिचा दुसरा डाव आवडतो. डेंग्यू पसरवणारी एडिसची मादी अंडी कुठे घालायची हे वासावरून ठरवते. तर तिला आवडणारा हेनेकोसेन नावाचा पदार्थ पाण्यात घालायचा, सोबत डायफ्लुबेन्झुरॉन. मादी आनंदाने अंडी घालते, अळ्या निघतात, आणि कात टाकताना त्यांना नवं कवच बनवता येत नाही. खेळात ज्या कायटिनच्या चिलखतावर आम्ही दारूगोळा उधळतो, ते इथे तयारच होऊ देत नाहीत. ना स्फोट, ना किंकाळी. शत्रूचं वजन दोन-अडीच मिलिग्रॅम आणि रणभूमी म्हणजे एक वाडगं. असा खेळ काढला तर ट्रेलरमध्ये दाखवणार काय?

तरी ऑक्टोबरात डेंग्यूच्या वॉर्डात गुण मोजतातच. त्यांना प्लेटलेट म्हणतात, आणि आकडा वर जावा म्हणून आईबाप रात्रभर खाटेशेजारी जागतात. तिथे पोराला दुसरा जीव मिळत नाही. ही सगळी मारामारी ज्या किड्याशी आहे, तो चंबळच्या दऱ्याखोऱ्यांतून चाल करून आलेला नसतो; एडिस जन्मल्या जागेपासून फार लांब उडतही नाही. 'फॅक्टोरिओ' हा खेळ याबाबत प्रामाणिक आहे: तुमच्या कारखान्याचा धूर किड्यांच्या वसाहतीपर्यंत पोचला की ते हल्ला करतात, म्हणजे आमंत्रण तुमचंच. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला गेला की प्रत्येक खिडकीत कूलर लागतो आणि प्रत्येक कूलरखाली एक टाकी असते. नुसतं पाणी ओतून दिलं तरी भागत नाही. पाण्याच्या रेषेवर चिकटलेली अंडी कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या पाण्याला फुटतात. टाकी आठवड्याला घासावी लागते. बॅटरी घेऊन घरोघर अळ्या शोधत फिरणारी माणसं हेच सांगतात, आणि आपण त्यांना दारातच विचारतो, आमच्याच घरी का आलात?

मला विचाराल तर एखाद्या कंपनीने ग्वाल्हेरवर खेळ काढावा. शत्रू दिसणार नाही, हत्यार म्हणजे काथ्या, मोहीम दर शनिवारी तीच, आणि जिंकल्याची खूण ही, की काहीच झालं नाही. विकत कुणी घेणार नाही. मीही नाही, मला हत्तीएवढा मुंगळाच लागतो. आणि घेतला तरी अडकणार दुसऱ्याच लेव्हलला, कारण ती शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे, तिथे चार जुनी टायरं पावसाने भरून पडलेली आहेत, आणि शेजारी म्हणतात, हमारे यहाँ मच्छर नहीं हैं जी, आपके यहाँ से आते हैं.