चार पायांची सोयरीक

फैजपूरच्या आप्पांनी उमेदीत कितीतरी सोयरिकी जमवल्या. पुढे मुलामुलींचे बायोडाटा मोबाइलवर फिरू लागले आणि मध्यस्थाला चहासुद्धा कुणी विचारेना. आप्पांनी काम सोडलं नाही, फक्त पक्ष बदलला. हल्ली ते बेवारस कुत्र्यांची स्थळं बघतात. असा एखादा आप्पा आता यावल-रावेरकडच्या बऱ्याच गावांत भेटतो. रिटायर झालेला, पायात स्लीपर, शर्टाच्या खिशात बिस्किटाचा पुडा.

पिल्लं त्यांना केळीच्या बागेत वाळक्या पत्तीच्या ढिगात सापडतात, नाहीतर माल भरायला उभ्या ट्रकखाली. सापडल्या दिवशीच फोटो निघतो. फोटोत डावा कान दिसत नसेल तर तो फाटका आहे, असं खुशाल समजावं. जुनी सवय.

आमच्याकडे आले तेव्हा पिशवीतून दोन डोळे बघत होते. ‘‘स्थळ आहे भो एक. पोरगी सावळी, पन नाकीडोळी नीटस.’’ बायकोनं हसत पोहे केले. ते मुलीनंच खाल्ले.

पोरांना लॅब्रॅडोर हवा होता. आप्पा म्हणाले, ‘‘मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला का त्याले कूलर लागीन. लाइट गेली का तो तुमच्याकडे पाहीन अन् तुम्ही खांबाकडे.’’

‘‘घराणं कोणतं?’’ वडिलांनी गमतीनं विचारलं. आप्पा याच प्रश्नाची वाट बघत होते. ‘‘१९३६च्या डिसेंबरात इथी काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यातलं पहिलं! नेहरू अध्यक्ष. त्या मांडवामागं ज्यांनी पत्रावळी चाटल्या, त्यांच्या वंशातली आहे ही.’’ कुत्र्याची पिढी दोन-तीन वर्षांची धरली तरी मध्ये तीस-चाळीस पिढ्या जातात. पण गावातली अनेक घराणी अधिवेशनाशी जे नातं सांगतात, तेही काही याहून पक्कं नाही. वडील गप्प बसले.

आजी तेवढी आडवी आली. ‘‘व माय! कुत्रं अन् घरात?’’

‘‘काकू, खंडोबाले जाता ना? देवासंगं कोन उभं आहे, ते पाह्यलं का कधी?’’

आजीनं लांबूनच कळण्याच्या भाकरीचा तुकडा टाकला. सोयरीक पक्की झाली.

मग अटी. दिवसभर साखळीला बांधायचं नाही. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी. मोठी झाली की ऑपरेशन. ‘‘नाहीतर इतक्या नातींसाठी स्थळं मी कुठून आनू?’’ एकाच गोष्टीपुरते आप्पा गंभीर झाले. कुठलंही कुत्रं चावलं, नुसता ओरखडा आला, तरी साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. हळद-मिरची भरत बसायचं नाही. हे त्यांनी पोरांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पहिल्या रात्री ती रडली. फोन केला तर म्हणाले, ‘‘चार दिवस लेकी रडतातच.’’ तिसऱ्या दिवशी सहज म्हणून डोकावले आणि माझ्याशी हवापाण्याचं बोलता बोलता तिच्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवून बघितलं. पाचव्या दिवशी नव्या सुनेनं सासऱ्यांची चप्पल फाडली. आप्पांनी चपलेचाच दोष काढला.

सगळीच स्थळं टिकत नाहीत. एका घरानं पिल्लू आठवड्यात परत केलं, म्हणे फरशी खराब होते. आप्पा मुकाट्यानं घेऊन आले. त्या घरचं पाणी मात्र ते अजून पीत नाहीत.

पण आप्पांना बघावं आखाजीला. अक्षय तृतीयेला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. घरोघरच्या सुना अशा गेल्या आणि बाकीचे लग्नांच्या धावपळीत लागले की कुत्री कुणाकडे ठेवायची? आप्पांच्या ओट्यावर. गेल्या आखाजीला सात जणी होत्या. निंबाला झोका, खाली सावलीत या पसरलेल्या. आत आप्पांची बायको सांजोऱ्या तळत होती आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी उंबऱ्यावर नाक ठेवून यायची. आप्पा हाक मारत होते ती सासरच्या गावानं. ‘‘ए न्हावीवाली, सरक तिकडे! बामनोदवालीले बसू दे.’’

मी तिसऱ्या दिवशी आमचीला न्यायला गेलो. मला बघून तिनं शेपटी दोनदा हलवली आणि आप्पांच्या खाटेखाली जाऊन बसली. आप्पांनी मला पाणी दिलं, मग सांजोरी दिली, आणि म्हणाले, ‘‘असं तिसऱ्याच दिवशी कोनी लेकीले न्यायले येतं का भो?’’