दोष तेवढे राहू द्या

जर्मनीतल्या आखनमध्ये रविवारी माणसाने नेमके काय करावे, हे मला अजून कुणी नीट सांगितलेले नाही. दुकाने बंद, पाऊस चालू. भिंतीला ड्रिल लावायचे नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या पेटीत टाकायच्या नाहीत. खळ्ळकन आवाज झाला की शेजारच्या आजी खिडकीत हजर. फार तर एलिझेनब्रुनेनपर्यंत जाऊन गंधकाचे गरम पाणी हुंगून यावे. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि लोक त्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी घरी बसून ‘प्रिन्स’ खेळतो.

प्रिन्स म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. आमच्या पिढीला त्याचे पूर्ण नाव घ्यावे लागत नाही. कॉम्प्युटर क्लासात सर डॉसच्या कमांड शिकवत, सर चहाला गेले की आम्ही प्रिन्सकडे वळत असू. विकत घेतलेला प्रिन्स कुणी पाहिला नव्हता. तो एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरत वर्गात यायचा. नावापुढे ‘मेगाहिट’ टाइप करून सुरू केला की पाहिजे तेव्हा पुढच्या लेव्हलला उडी मारता येते, हे ज्ञान ज्याला होते त्याच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी नसे.

आता तो जुना प्रिन्स आजच्या लॅपटॉपवर सरळ चालत नाही. जुने खेळ त्या काळच्या यंत्राच्या वेगावर बेतलेले असत. वेगवान यंत्रावर काही खेळ पिसाळल्यासारखे धावत, म्हणून तर डब्यावर ‘टर्बो’ नावाचे बटण असे आणि नाव टर्बो असून ते बहुधा वेग कमी करायला वापरले जाई. यावर हौशी मंडळींनी उपाय काढला आहे: खेळाचा मूळ कोड घ्यायचा आणि तो नव्या यंत्राला समजेल असा करायचा. याला सोर्स पोर्ट म्हणतात. संहिता जुनी, पडदे जुने, थिएटर फक्त नवे. ‘डूम’ या खेळाच्या बाबतीत हे सोपे गेले, कारण आयडी सॉफ्टवेअरने 1997 साली त्याचा कोड स्वतःच खुला केला. (याच डूमचे नाव जर्मनीत 1994 पासून 2011 पर्यंत मुलांना घातक वस्तूंच्या यादीत होते.)

प्रिन्सचे मात्र तसे नव्हते. जॉर्डन मेकनरने तो 1989 साली अॅपल टू या यंत्रासाठी आणला. मेमरी इतकी तोकडी की शत्रूचे वेगळे चित्र ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रे वापरून एक सावलीराजपुत्र उभा केला. चौथ्या लेव्हलला आरशातून निघून पळतो, तोच तो. अडचणीतून सुचलेली गोष्ट खेळातली सगळ्यात देखणी ठरली! राजपुत्राची धाव मेकनरच्या भावाची. त्याला धावायला-उड्या मारायला लावून, त्याचे चित्रण करून एकेक चौकट उतरवून घेतली. संगीत वडिलांचे. कोड मात्र हरवला. 2012 साली तो सापडला तोही वडिलांनाच, घरातल्या कपाटात, फ्लॉप्यांच्या रूपात. आमच्या घरी हे घडणे अशक्य होते. दिवाळीच्या साफसफाईत आईने त्या फ्लॉप्या केव्हाच भंगारवाल्याला दिल्या असत्या, वर ‘निदान दहा रुपये तरी दे’ म्हणून घासाघीसही केली असती.

पण तो कोड अॅपल टूचा, आपला प्रिन्स डॉसवरचा. त्यासाठी चाहत्यांनी डॉसची तयार फाइल उकलून, आतली एकेक आज्ञा वाचून, सगळे सी भाषेत नव्याने मांडले. त्याचे नाव एसडीएलपॉप. ते मला फार आवडते, कारण ते आधी नम्रपणे विचारते: मूळ खेळातले दोष दुरुस्त करू का?

आमच्याकडे जेवायला येणारा नाशिकचा एक पोरगा इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात शिकतो. परवा तो मागे उभा राहून बघत होता. माझ्या राजपुत्राने बंद जाळीच्या अलीकडून पलीकडची फरशी दाबली.

“काका, हा बग आहे. फिक्स ऑन करा ना.”

“बग नाही रे. आम्ही असेच शिकलो.”

“आणि एफ सिक्सने सेव्ह का करत नाही? मेलात की एफ नाइन. किती वेळा पहिल्यापासून खेळता?”

मी गप्प. शिफ्ट दाबून काट्यांच्या कडेपर्यंत पाऊल पाऊल सरकताना जो श्वास अडकतो, तो एफ नाइन असताना अडकत नाही, हे त्याला कसे सांगावे? सुदैवाने जगात आमच्यासारखे आणखी आहेत. ‘चॉकलेट डूम’ नावाच्या पोर्टची प्रतिज्ञाच अशी की मूळ डूम जिथे गडबडत होता तिथे त्यानेही गडबडावे. आखनमध्ये लिंड्टचा मोठा कारखाना आहे, पण तिथल्या चॉकलेटमध्ये इतका प्रामाणिकपणा असेल असे मला वाटत नाही.

तसे या गावाला पोर्टिंगचे वावडे नसावे. सम्राट शार्लमेनने इथे चॅपेल बांधले ते रावेन्नातल्या सान व्हिताले चर्चवरून, आणि खांबसुद्धा रोम आणि रावेन्नाहून आणवले. पुढे 1794 नंतर फ्रेंचांनी ते खांब काढून पॅरिसला नेले. 1815 नंतर बरेच परत आले, काही अजून लूव्हरमध्ये आहेत. सारांश, डेटा फाइल्स तिथे अडकल्या आणि इमारत इथे चालू आहे. तरी रविवारी तिथे प्रार्थना होते आणि कुणी विचारत नाही की खांब मूळचे आहेत का.

पोराने शेवटी सेटिंगच्या फाइलमध्ये डोके घातले. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटे मिळतात, तो आकडासुद्धा बदलता येतो म्हणाला. “नव्वद करून देऊ का, काका?”

“अजिबात नाही,” स्वयंपाकघरातून उत्तर आले. “साठच राहू देत. साठ मिनिटांनी राजकन्येचं काय व्हायचं ते होवो, पण ताटं मांडायला माणूस उठला पाहिजे.”