अंतिम खंड : पूर्वार्ध

खंडकार तुमच्याही ओळखीचा असणार. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत प्रत्येक तालुक्याला एक तरी असतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, वेकोलितले (वेस्टर्न कोलफिल्ड्समधले) लिपिक किंवा वनखात्यातले लेखापाल असा त्याचा पूर्वाश्रम. हातात अद्भुत कादंबरीची मालिका, तिचे चार खंड स्वखर्चाने निघालेले आणि पाचवा, म्हणजे शेवटचा, ‘छापून राह्यला’ आहे. कैक दिवाळ्या तो छापूनच राह्यला आहे. चौकात, लग्नाच्या पंगतीत, फार काय मयतीच्या रांगेतही खंडकार शेजाऱ्याच्या कानाशी लागतो, ‘भाऊ, पाचव्या खंडात महाराजाचं असंच होते, पण विषानं.’ लोक त्याला टाळतात, यात त्यांचा दोष नाही. पण त्याला टाळताना ते जे म्हणतात, की पदरचे पैसे घालून पुस्तक काढणं ही नुसती हौस, ते मात्र तपासून पाहावं असं आहे. माझं म्हणणं उलट आहे. खंडकाराचा खरा रोग लिहिणं नसून न संपवणं हा आहे, आणि स्वतः छापणं हा त्यावरचा त्याला परवडणारा एकमेव इलाज आहे.

रोगाचं मूळ नकाशात आहे. पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर नकाशा असतो आणि तो डोळे मिटूनही ओळखता येतो. वेणुगंगा आणि वरदा या नद्या एकत्र येऊन प्राणदा होते. चपराळ्याचा संगम पाहिलेल्या माणसाला वैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता ही नावं वेगळी सांगावी लागत नाहीत. राजधानीला परकोट आहे आणि त्याला चार दरवाजे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर यांची फक्त बारशी नव्याने झालेली. हिऱ्यांची खाण असते, कारण वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. दक्षिणेच्या टोकाला डोंगराएवढे सरडे असतात आणि तिथे तर खंडकाराला कल्पनाही लढवावी लागलेली नाही, सिरोंच्याजवळ वडधमला प्राचीन प्राण्यांचे जीवाश्म खरोखरच सापडले आहेत. इथवर ठीक. पण दुसऱ्या खंडात नकाशा दोन पानांचा होतो. तिसऱ्यात तो घडी घालून चिकटवलेला असतो. चौथ्यात त्याला स्वतंत्र सूची लागते, आणि पाचव्यासाठी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात सुटा देण्याचं घाटत असतं. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला, ते खंडकाराच्या मनाने फारच घेतलं. त्याच्या राज्याचं दर खंडात विभाजन होतं. नव्या राज्याला नवा राजा, पट्टराणी, सेनापती आणि फितूर प्रधान पुरवता पुरवता तीनशे पानं सरतात. गोष्ट जिथल्या तिथे राहते, नकाशा तेवढा पुढे जातो.

हा रोग फक्त आपल्या जंगलातला नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या गाजलेल्या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला आणि सहाव्याची वाट पाहणारे वाचक आता आपल्या मुलांना ती मालिका वाचायला देताहेत. रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले तेव्हा त्यांच्या मालिकेचा शेवटचा खंड अपुरा होता. तो पुरा करायला बसलेल्या ब्रँडन सँडरसन यांच्या हातून त्या एका खंडाचे तीन झाले आणि तिसरा २०१३ साली निघाला. म्हणजे ‘अंतिम खंड : पूर्वार्ध’ ही चीज ब्रह्मपुरीत जन्मलेली नाही. फरक एवढाच की तिकडे दारात प्रकाशक उभा असतो, वाचक ओरडत असतात. खंडकाराकडे कुणीच ओरडत नाही. त्याने कादंबरी संपवली काय, न संपवली काय, देसाईगंजच्या बाजारात भाजीचा भाव हलत नाही.

देसाईगंजचं नाव आलंच आहे तर तिथे जरा थांबायला हवं, कारण माझा मुख्य पुरावा तिथे आहे. देसाईगंज म्हणजे वडसा, झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, बैलांचे शंकरपट होतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात. हजारो माणसं थंडीत ब्लँकेट गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. इथल्या नाटककाराला ‘तिसरा अंक अजून सुचून राह्यला’ असं म्हणण्याची सोय नाही. मंडळाने इसार घेतलेला असतो, गावाने वर्गणी काढलेली असते, भिंतीवर पोस्टर लागलेलं असतं. राजा त्या रात्री मरायचा म्हणजे मरायचाच, आणि तेही कोंबडं आरवायच्या आत. याच मातीत, याच माणसांत नाटक वेळेवर संपतं आणि कादंबरी संपत नाही, याचा अर्थ आळस मातीत नाही. नाटकाला मंडई आहे, कादंबरीला नाही. खंडकार छापखान्यात इसार भरतो तेव्हा तो स्वतःसाठी एक मंडई ठरवून घेत असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : पुस्तक चांगलं असतं तर पुण्याच्या प्रकाशकाने घेतलं नसतं का? पहिल्या खंडाबाबत हा प्रश्न योग्य आहे, पाचव्याबाबत नाही. ज्याचे आधीचे चार खंड दुकानात नाहीत त्याचा पाचवा शहाणा प्रकाशक घेणार नाही, मग तो व्यासांनी लिहिलेला असो. शिवाय नकार हा काही गुणवत्तेचा निवाडा नव्हे. अमीश त्रिपाठींच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशकांनी नकार दिले होते. ते २०१० साली निघालं आणि २०१३ पर्यंत तीन भागांत गोष्ट संपलीसुद्धा. (तीनच. खंडकारांनी नोंद घ्यावी.) दुसरं उदाहरण तर खंडकाराच्या भाऊबंदातलं. देवकीनंदन खत्री हे काशीच्या राजाच्या चकिया-नौगढच्या जंगलाचे ठेकेदार. ठेका सुटला, जंगल डोक्यात राहिलं आणि त्यातून ‘चंद्रकांता’ आली, मग ‘चंद्रकांता संतती’चे चोवीस भाग आले. या माणसाने १८९८ साली स्वतःचा लहरी प्रेस काढला. त्यांना हौशी म्हणायची कुणाची छाती नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हरिभाऊ आपट्यांच्या हातात १८९० पासून ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक होतं, तरी त्यांच्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्याच. मग छापण्याचं साधन हाती असणं आणि गोष्ट संपणं यांचा संबंध काय? संबंध आहे, पण साधन कोणतं ते पाहावं लागेल. साप्ताहिकाला पुढचं प्रकरण हवं असतं, बाइंडरला शेवटचं पान. खंडकाराच्या प्रकाशन समारंभाच्या निमंत्रणपत्रिका एकदा वाटल्या गेल्या, मंगल कार्यालय ठरलं, आमदारांची तारीख मिळाली की मग ज्या सेनापतीला त्याने चार खंड जगवला त्याला तो दीड पानात मारतो. समीक्षक म्हणतील, शेवट घाईचा झाला. झाला ना! पण झाला.

आता त्या छापण्याची तऱ्हा. बल्लारपूरच्या पेपर मिलने याच जंगलातला बांबू खाऊन देशाला कागद पुरवला, आणि खंडकार मात्र कागदाच्या भावासाठी नागपूरला फोन लावत असतो. अक्षरजुळणी करणारा पोरगा मुळात लग्नपत्रिकांचा कारागीर. एप्रिल-मे लागला की वेणुगंगेचं युद्ध थांबतं. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात, जोडाक्षरांचे चौकोन होतात, आणि पत्रिकेच्या फायलीवरच काम केल्यामुळे ऐन रणांगणात सेनापतीच्या बाजूला ‘चि. सौ. कां. मेघमाला’ तलवार उपसून उभी राहते. खंडकार ते प्रुफात पकडतो. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. सुटतो तो नकाशा, कारण छपाई सुरू झाल्यावरही त्याला एक बोडी, म्हणजे छोटं तळं, भरायची राहिलेली आठवते.

त्या बोडीपाशी आपला उपहास जरा अडखळतो. नकाशा नीट पाहिला तर त्यात नुसती राज्यं नाहीत. मालगुजारी तलाव आहेत, त्यांचे पाट आहेत, मोहाची एकेक जुनी झाडं आहेत, गावाबाहेरची देवस्थानं आहेत, आणि सगळं एकमेकांपासून योग्य अंतरावर. वेकोलिच्या खाणींनी गिळलेली गावं आहेत, नाव बदलून का होईना. शासनाच्या नकाशावर ती आता असलीच तर खाणीच्या क्रमांकात असतील. चंद्रपुरात १९७९ साली आणि पुन्हा २०१२ साली अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली, अस्मितेवर भाषणं झाली, मांडव उतरले. एका बोडीचा पाट कुठून कुठे जायचा हे मात्र सेवानिवृत्तीच्या पैशातून या कटकट्या माणसाने छापून ठेवलं. आणि १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रती पाठवण्यात तो अतिशय काटेकोर असल्यामुळे, गावात ज्याची एकही प्रत खपत नाही तो खंड कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे रवाना झालेला असतो.

राहता राहिला घाईचा प्रश्न. खत्रींची ‘भूतनाथ’ १९१३ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली, ती त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसादांनी पुरी केली. ती सोय खंडकाराला नाही. त्याचा मुलगा हिंजवडीत असतो, छपाईचे पैसे कमी पडले तर विचारल्याबरोबर पाठवतो आणि फोनवर एवढंच म्हणतो, ‘बाबा, हा शेवटचा आहे ना?’ तो स्वतः पहिल्या खंडाच्या नकाशापुढे गेलेला नाही, हे बापाला पक्कं माहीत असतं. म्हणून पाचव्या खंडाच्या सुरुवातीला, नव्या वाचकांच्या सोयीसाठी म्हणून, मागच्या चार खंडांचा सारांश दिलेला असतो : पूर्ण एक फॉर्म, सोळा पानं, मोठ्या टायपात, सोप्या मराठीत, अवघड शब्दांचे अर्थ खाली देऊन.