मोजणीबाहेरचं टमरेल

सरकारी संडासाचा फोटो काढताना कधी पाहिलंय? पत्र्याचं दार, भिंतीवर योजनेचं नाव, शेजारी डोक्यावर पदर घेऊन अवघडून उभी राहिलेली लाभार्थी. मोबाइल रोखला जातो, अक्षांश-रेखांशासह फोटो वर चढतो आणि बारा हजारांचं अनुदान मोकळं होतं. दार अर्थातच बंद. आत माणूस जातो की पेंडीची पोती रचलीत, हे उपग्रहाला दिसत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. हिशेब चोख होता. फक्त यादी २०१२ च्या पाहणीची होती. त्यानंतर ज्यांच्या चुली वेगळ्या झाल्या, त्यांनी काय करायचं? थांबायचं! त्यांच्यासाठी पुढे पुन्हा याद्या निघाल्या.

मुक्तीनंतरच्या याद्या.

ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर घरी संडास लागतो, तो वापरत असल्याचा दाखलाही लागतो. चांगला कायदा आहे. सदस्याची सोय झाली. मतदारानं आपलं बघावं.

आता शहराकडे. बारामतीचं चकाचक बसस्थानक मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. उद्घाटनाला मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री एका रांगेत. छान. पण त्याच स्थानकातून सुटणारी एसटी जिथं जाते, त्या आठवडे बाजाराच्या गावात काय आहे? तिथं भाजी विकायला बसलेली बाई दिवसभर कोथिंबिरीवर पाणी मारते आणि स्वतः घोटभरही पीत नाही. कारण प्यायलं तर जायचं कुठं?

कोथिंबीर ताजी राहते.

इंदापूरची तर तऱ्हाच न्यारी. इथल्या लोकांनी घरोघरी संडास बांधले, आणि पुणेकरांच्या संडासाचं पाणी दारात येऊन थांबलं. मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनी धरणात. पाणी हिरवं, वर जलपर्णीचा गालिचा. पळसदेव-भिगवणच्या काठावर रोहित पक्षी बघायला येणारे पुणेकर नाकाला रुमाल लावतात.

ओळखीचा वास असावा.

२०२१ चा तमाशा आठवतो? उजनीत येणारं पाच टीएमसी 'सांडपाणी' इंदापूरला उचलून द्यायचा आदेश एप्रिलमध्ये निघाला. सोलापूर पेटलं. इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे तेव्हा सोलापूरचेच पालकमंत्री, त्यामुळे रंगत आणखी वाढली. मे महिन्यात आदेश रद्द. पुण्याच्या सांडपाण्यावरून दोन तालेवार प्रदेश हातघाईवर आले. ते पाणी मुळात असल्या अवस्थेत येतंच कसं, हे पुण्याला विचारायचं मात्र राहून गेलं.

असो. पोट भरलेल्यांचं झालं. आता साखरेचं बोलू.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत सहकाराचे एवढे बुरूज. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हे लोक गावाच्या यादीत नाहीत आणि हंगामात स्वतःच्या गावातही नाहीत. म्हणजे दोन्हीकडची गावं हागणदारीमुक्त!

बायका अंधारातच उसात जाऊन येतात. उजाडलं की तोच ऊस तोडायचा असतो. ज्याच्या आड बसायचं, तेच दिवसभर स्वतःच्या हातानं आडवं करायचं. फड संपला की आडोसाही संपला.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडचे आकडे आले. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, खाडा पडला तर दंड आणि डोक्यावर मुकादमाची उचल. संडास बांधण्यापेक्षा पिशवी काढणं सोयीचं पडलं.

कुणाच्या सोयीचं, ते विचारू नका.

'पण एवढ्या फिरत्या माणसांची व्यवस्था करायची कशी?' हा प्रश्न हमखास येतो. गंभीर चेहऱ्यानं येतो. अहो, तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीला मुक्काम करते. पुढे सणसर, बेलवाडीचं रिंगण, मग इंदापूर. वारकरी तरी कुठं एका जागी बसलेला असतो? तरी आषाढवारीत मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं ओळीनं उभी राहतात. पाण्याचे टँकर येतात, मैला उपसणाऱ्या गाड्या येतात, स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत लोकांना तिकडे वळवतात. एका रात्रीसाठी. पालखी हलली की सगळा सरंजाम पुढच्या मुक्कामी.

एका रात्रीसाठी एवढ्या गर्दीची सोय जमते. पाच महिने एकाच तळावर बसलेल्या टोळीची जमत नाही. उसाच्या वारीला पुण्य नसतं ना!

पैशांचं रडगाणं तर नकोच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, त्याच्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलेलं आहे. शिवाय मोजदादीत कारखान्यांचा हात कोण धरणार? गाडी किती वाजता आली, वजन किती भरलं, उतारा दशांशात किती पडला, सगळं तोंडपाठ. तळावर बायका किती आणि संडास किती, एवढंच काय ते फळ्यावर लिहायचं राहतं.

दर हंगामाआधी कारखान्याला साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी थकली असली की तो अडतो, आणि मग थकबाकी बरोबर सापडते. तसंच एकदा करून बघा. तळावर पाण्यासकट संडास दाखवा, मग परवाना न्या. आणि दार उघडं ठेवून फोटो काढा.

गव्हाणीत पहिली मोळी पडायच्या आत चेअरमन स्वतः गवंड्याच्या दारात उभे दिसतील.