विली, आधी पसारा आवर

क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८२ च्या एप्रिलमध्ये जगाला स्वस्त कॉम्प्युटर दिला, पण त्याला पडदा दिला नाही आणि वीज गेल्यावर काही लक्षात ठेवायची अक्कलही दिली नाही. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा, स्मरणशक्ती म्हणून घरचा टेपरेकॉर्डर. ४८ के मेमरीचा झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये पावणेदोनशे पौंडांना मिळायचा. सांगलीत तो मामाने फुकट आणून दिला तरी महाग पडला, कारण टीव्हीवर आजीचा ताबा होता आणि टेपरेकॉर्डरवर बाबांचा.

मामा कॉव्हेंट्रीला नोकरीला. त्याच्या मुलांनी नव्या मॉडेलचा हट्ट धरला आणि जुनं यंत्र ८६ च्या दिवाळीत आमच्याकडे आलं. त्याच सुमारास भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकू लागली होती, पण आमचा पडला ‘फॉरेनचा’, त्यामुळे त्याचा रुबाब वेगळा. “पोरांच्या शिक्षणासाठी आणलाय,” मामा म्हणाला. कॉम्प्युटर घेणाऱ्या जगातल्या यच्चयावत आईबापांना हेच सांगण्यात आलं होतं, आणि यच्चयावत पोरांनी ते ऐकताना चेहरा गंभीर ठेवला होता. बाबांनी एकच विचारलं, “घरखर्चाचा हिशेब ठेवील का?”

“ठेवील की, दाजी!”

ठेवलाही. मामाने रात्री बसून तसा प्रोग्रॅम लिहून दिला. आता दुधाचं बिल किती झालं हे बघायला टीव्ही मोकळा करून घ्यायचा, टेप आणायची, वायरी जोडायच्या, कॅसेट नेमक्या जागेपर्यंत पुढे न्यायची आणि यंत्राला आठवेपर्यंत बसून राहायचं. तोवर गवळी स्वतःच येऊन पैसे घेऊन जायचा. बाबांची डायरी खिळ्याला अडकवलेली होती, ती खिळ्यालाच राहिली.

बाबांचा खरा राग होता कीबोर्डवर. ते टायपिंगची सरकारी परीक्षा पास झालेले. दहाही बोटांनी, न बघता. आणि इथे करड्या रबराची बटणं, एकेका बटणावर आणि त्याच्या आजूबाजूला चारपाच शब्द छापलेले. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबला की पडद्यावर ‘पी’ येतच नाही, सबंध ‘प्रिंट’ उमटतो. ‘जे’ दाबला की ‘लोड’, ‘जी’ दाबला की ‘गो टू’. मेमरी वाचवायची आणि टंकनाच्या चुका टाळायच्या म्हणून केलेली ही हुशारी. बाबा सवयीने अख्खा शब्द झरझर टाइप करत. यंत्र पहिलंच अक्षर ऐकून पुढचं स्वतः बोलून मोकळं होई, आणि बाबांची उरलेली अक्षरं त्यामागे लोंबत राहत. वर लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. “माझं वाक्य मला पुरं करू दे,” असं ते एकदा त्या यंत्राला म्हणाले. हे वाक्य त्याआधी घरात फक्त आईच्या वाट्याला येत असे.

गेम कॅसेटवर यायचे. ‘लोड’ द्यायचं, पुढे दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. म्हणजे ‘जे असेल ते वाढ’. मग प्लेचं बटण. आधी लांब एकसुरी शिट्टी, मग जी खरखरीत किंचाळी सुरू होई ती जवळपास पाच मिनिटं. तेवढा वेळ पडद्याच्या कडेने पट्टे पळत राहायचे आणि पट्टे पळताहेत तोवर आशेला जागा असायची. त्या पाच मिनिटांत टेबलाला धक्का लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, बेल वाजली तर दार हळू उघडायचं. मुलगी बघायला आलेल्यांसमोरही आमचं घर इतकं सावध वागलेलं मी पाहिलेलं नाही. आणि मग, सगळं शेवटाला आलेलं असताना, पडद्याच्या तळाशी शांतपणे एक ओळ उमटायची: ‘आर टेप लोडिंग एरर’. कुणाचा एरर, कुठला एरर, काही नाही. कॅसेट उलटी फिरवा आणि पुन्हा शिट्टी.

यावर इलाज एकच होता. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन बदलतो. तो केसभर फिरवला की गेम लोड व्हायचा. पण मग कुमार गंधर्वांचा आवाज रजईतून आल्यासारखा येऊ लागे. बाबा संध्याकाळी ऑफिसातून आले की स्क्रू कुमारांच्या बाजूने फिरवत, दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही तो गेम लिहिणाऱ्या मॅथ्यू स्मिथच्या बाजूने फिरवत असू. त्या एका स्क्रूवर आमच्या घरातली शांतता टांगलेली होती. एकदा बाबांनी निर्गुणी भजनं समजून भलतीच कॅसेट लावली. वायर जोडलेली नव्हती, त्यामुळे ती किंचाळी थेट माजघरापर्यंत गेली. आजी जप थांबवून बराच वेळ ऐकत बसली आणि म्हणाली, “आज आवाज लागलेला दिसत नाही.”

या किंचाळीची आम्हाला लाज वाटायची. युगोस्लाव्हियात मात्र तेव्हा बेलग्रेड रेडिओच्या एका कार्यक्रमात ती चक्क प्रसारित करत! श्रोत्यांनी घरी टेप करून घ्यायची आणि कॉम्प्युटरला पाजायची, की प्रोग्रॅम हजर. आकाशवाणी सांगलीने दुपारच्या शेतीविषयक माहितीनंतर असं काही सुरू केलं असतं तर त्या रात्री स्टेशनवर किती माणसं रेडिओ दुरुस्तीला घेऊन गेली असती, याचा हिशेब मी अजूनही अधूनमधून करतो.

आमचा टीव्ही कृष्णधवल, शटरचा आणि कुलपाचा. स्पेक्ट्रमला रंग दाखवता यायचे, पण एका अटीवर. पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडलेले आणि एका चौकोनात एका वेळी दोनच रंग. त्यामुळे नायक हिरव्या झाडासमोरून गेला की स्वतःच हिरवा व्हायचा. इंग्लंडातली पोरं या रंगांच्या भेसळीवर वैतागायची. आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. आमच्याकडे झाड, नायक, राक्षस सगळे एकाच राखाडी कुटुंबातले. फक्त एकदा अडलं. ‘जेट सेट विली’ या गेमबरोबर चोरीच्या कॅसेटी ओळखण्यासाठी एक कार्ड यायचं, त्यावर रंगीत चौकटी. पडदा विचारणार, अमुक घरातले रंग सांगा. आपण त्या रंगांचे आकडे दाबायचे. कुठला आकडा कुठल्या रंगाचा, हे पडद्यावर रंगातच दाखवलेलं. आम्ही चौघं भावंडं टीव्हीला नाक लावून ‘हा जरा लालसर राखाडी आहे’ असले निर्णय घेत बसायचो. दोनदा चुकलं की पुन्हा कॅसेट पहिल्यापासून.

आता हे सांगितलंच पाहिजे: गेम बहुतेक वाईट होते. आमच्या वयाची माणसं जमली की ‘काय गेम होते राव!’ म्हणून उसासे टाकतात, तेव्हा मी चहात लक्ष घालतो. ‘मॅनिक मायनर’ घ्या. १९८३ साली, विशीही न गाठलेल्या मॅथ्यू स्मिथने एकट्याने लिहिलेला. कामगिरी म्हणून अद्‌भुतच. पण वीस गुहा, तीन जीव, उंचावरून पडलं की मेलात, पेंग्विनला शिवलात की मेलात, हवा संपली की मेलात. आणि तिन्ही जीव गेले की विसाव्या गुहेतून थेट पहिलीत. दहावीचा पेपर बुडाला म्हणून कुणी बालवाडीत पाठवत नाही. वर सगळा वेळ ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराची एक धून एकाच बारीक सुरात चालू. ‘डेली थॉमसन्स डेकॅथलॉन’मध्ये तर धावायचं म्हणजे दोन बटणं आलटून पालटून बडवायची, जितकी जोरात, तितका पळणार. शंभर मीटर ठीक, पण त्यात पंधराशे मीटरही होते. खालच्या मजल्यावरच्या काकू ‘डाळ वाटताय की काय?’ विचारायला वर आल्या तेव्हा बाबांनी ऑलिंपिकवर बंदी घातली.

‘द हॉबिट’ला मात्र घरातून आशीर्वाद होता, कारण त्यात इंग्रजी वाक्यं टाइप करावी लागत. वीरकरांची डिक्शनरी मांडीवर घेऊन आम्ही गुहेत शिरायचो. थॉरिन नावाचा आमचा बुटका सोबती ऐन संकटात खाली बसून सोन्याचं गाणं म्हणायला लागायचा. बाबांना तो आवडायचा. ऑफिसात असा एक आहे म्हणायचे.

पण आईने नाव लक्षात ठेवलं ते विलीचं. ‘जेट सेट विली’ हा ‘मॅनिक मायनर’चाच पुढचा भाग, १९८४ चा. खाणीतून श्रीमंत झालेल्या विलीने बंगला घेतलाय, रात्री जंगी पार्टी दिलीय आणि आता त्याला झोपायचंय. पण पलंगाच्या आड त्याची कामवाली मारिया हात लांब करून उभी: घरभर पडलेला सगळा पसारा उचलल्याशिवाय झोप नाही. गोष्ट एवढीच. आई निरशाचं पातेलं हातात घेऊन थबकली आणि म्हणाली, “हा एकच गेम शहाण्याने लिहिलाय.” त्यानंतर कुणाचंही दप्तर जमिनीवर दिसलं की ती नुसता हात लांब करून उभी राहायची. बोलायची गरज उरली नव्हती.

पसारा मात्र आमच्याने कधी संपला नाही. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकांच्या नालायकपणाला दोष देत आलो. मोठेपणी कळलं की तो गेम विकला गेला त्या अवस्थेत पुरा होणं शक्यच नव्हतं. विली माळ्यावर गेला की प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे दुसऱ्याच काही खोल्या प्राणघातक व्हायच्या. लोकांनी तक्रार केल्यावर प्रकाशकांनी आधी खुलासा केला की ही चूक नसून त्या खोल्यांत विषारी वायू भरलेला आहे. या खुलाशाची प्रत आपल्या प्रत्येक सरकारी कार्यालयात लावायला हवी.

शिक्षणाचं म्हणाल तर ते शाळेत होतं. केंद्र सरकारच्या १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पात काही शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. आमच्या शाळेतलं यंत्र कुलपात, कव्हराखाली, चपला बाहेर काढून दुरून बघण्यापुरतं. ते ज्या एकॉर्न कंपनीचं, तिचे ख्रिस करी हे पूर्वी सिंक्लेअर यांच्याच हाताखालचे. एकॉर्नने ‘सिंक्लेअरची यंत्रं बिघडून परत येतात’ अशी जाहिरात केली, तेव्हा १९८४ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या एका पबमध्ये सर क्लाइव्ह करींवर धावून गेले आणि म्हणे वर्तमानपत्राच्या सुरळीने त्यांना बडवलं. हे वाचल्यापासून मला सर क्लाइव्हबद्दल जिव्हाळा वाटतो. उतारवयात ते स्वतः इमेलसुद्धा वापरत नसत. बाबांचं त्यांच्याशी जमलं असतं.

२०२४ मध्ये त्याच रूपाचा, तशाच रबरी बटणांचा नवा ‘द स्पेक्ट्रम’ बाजारात आला. आत अठ्ठेचाळीस गेम. माझ्या एका मित्राने लंडनहून मागवला आणि आम्ही चार पन्नाशीतले बाप्ये त्याच्याकडे जमलो. चिवडा होता. गेम निवडला आणि तो क्षणात सुरू झाला. शिट्टी नाही, पट्टे नाहीत, एररची शक्यताही नाही. शिवाय मेलं तर काळ थोडा मागे न्यायची सोय. थोड्या वेळात आम्ही यंत्र बाजूला सारून कॅसेट अडकली तर पेन्सिलीने कशी सोडवायची यावर बोलू लागलो, आणि त्याच गप्पा रात्री उशिरापर्यंत रंगल्या. मित्राची मुलगी म्हणाली, “मग काका, तुम्ही टेपरेकॉर्डरच का नाही मागवला?” मुलगी हुशार आहे.

आईचं वय आता ऐंशीच्या पुढे. परवा भाच्याने कुठून तरी ‘जेट सेट विली’ अथपासून इतिपर्यंत खेळल्याचा व्हिडिओ शोधून तिच्यापुढे धरला, अर्थात चुका दुरुस्त करून घेतलेल्या आवृत्तीचा. चष्मा लावून तिने सगळा पाहिला. शेवटची वस्तू उचलली गेली, मारिया बाजूला झाली, विली पलंगापाशी पोचला. आणि तिथून अचानक उलटा सुसाट पळत सुटला, थेट बाथरूममध्ये, आणि कमोडमध्ये डोकं घालून पाय वर. गेमचा शेवट हाच आहे.

आई थोडा वेळ बघत राहिली. “रात्रभर पार्ट्या केल्यावर दुसरं काय होणार,” ती म्हणाली. मग चष्मा काढत, “आणि आता ते धुणार कोण? मारियाच ना?”