कोंड्याचा हिशेब

भातगिरणीच्या धंद्यात तांदूळ गिऱ्हाइकाचा, आवाज शेजाऱ्यांचा आणि कोंडा मालकाचा. दिवाळी झाली की किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांवरून भात भरडायला येतं आणि होळीपर्यंत माझ्या गिरणीमागे कोंड्याची थप्पी छपराला टेकते. फुकटची वस्तू घरात पडून आहे आणि तिला खाणारं तोंड नाही, या विचाराने मला झोप लागत नाही. म्हैस पाळून झाली होती, कोंबड्या मुंगसाने नेल्या होत्या. अशा नाजूक वेळी मेव्हण्यांनी सारंगखेड्याचा विषय काढला.

सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार. तिथे घोड्याचे दात नंतर बघतात, आधी अंगावरचे भोवरे. गळ्यावर देवमण आहे का, चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी आहे का, यावर बोली लाखांच्या पुढे जाते. मेव्हण्यांना यातलं सगळं कळत होतं, कारण आदल्या रात्रीच त्यांनी ते मोबाइलवर पाहिलं होतं. मी मात्र गिरणीवाल्याच्या नजरेने फिरत होतो. बाजाराच्या एका टोकाला दोन वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस, वछेरा उभा होता. देवमण नव्हता, पंचकल्याणी नव्हता, अंगावर मांसही नव्हतं. मालक म्हणाला, ‘चंदी लावा, दोन महिन्यांत ओळखू यायचा नाही.’ मी मनात हिशेब केला: हाडं तयारच आहेत, फक्त मधलं भरायचंय, आणि भरायला लागतं ते आपल्याकडे फुकट आहे. शिवाय आमच्या भागात एकही वरात घोड्याशिवाय निघत नाही. दुहेरी फायदा. धुळे, मालेगाव, नाशिक करत कसारा घाट उतरेपर्यंत टेंपोत मी त्याचं नाव ठेवलं होतं: बादशहा.

‘अहो, हा उभा कसा राहतो?’ हा पत्नीचा पहिला प्रश्न. गावाने बरगड्या मोजल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला ‘सायकल’ म्हणायला सुरुवात केली.

मी खुराक सुरू केला. सकाळी घमेलंभर कोंडा, दुपारी भाताचा पेंढा, संध्याकाळी पुन्हा कोंडा आणि वर शेंगदाण्याची पेंड. बादशहा खायचा, पण अर्धा घास चघळून त्याचा बोळा खाली टाकायचा. मला वाटलं, खानदानी आहे, उष्टं ठेवायची सवय असेल. पंधरवड्यात पोट दिसायला लागलं आणि मी गिरणीवर पेढे वाटले. पाठीचा कणा मात्र होता तिथेच, उलट पोटामुळे तो जास्तच उठून दिसत होता. ‘शेट, हा गाभण हाय का काय?’ असं एका म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याला नर-मादीतला फरक समजावून सांगितला. तो म्हणाला, ‘ता माला कलतंय. तुमाला कलतंय का?’

वजन किती वाढलं हे बघायला मी त्याला पोती मोजायच्या काट्यावर चढवायचं ठरवलं. चार पाय मावेनात, म्हणून आधी पुढचे दोन, मग मागचे दोन, असा बेत होता. पुढचे दोन चढले. मागच्या दोघांनी काटा चढण्याऐवजी उडवला. शेवटी शेजारच्या शिंप्याकडून टेप आणला. छातीचा घेर 140 सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 130. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, असं मेव्हण्यांचा मोबाइल सांगत होता. उत्तर आलं 214 किलो. टेप आपला आहे म्हणून शिंपीही मागोमाग आले होते. त्यांनी वहीत माप लिहून घेतलं आणि ‘शिलाई ॲडव्हान्स’ म्हणून हात पुढे केला.

सल्ले तर न मागता येत होते. बैलगाडा शर्यतींवरची बंदी 2021च्या डिसेंबरात उठल्यापासून आमच्याकडे प्रत्येक जण खुराकतज्ज्ञ झालाय. एकाने दूध-अंडी सांगितली, दुसऱ्याने तूप, आईने अळिवाचे लाडू. मला पटलं ते हुलग्यांचं: जुन्या पागांमध्ये घोड्यांना हुलगे शिजवून घालत. किती घालत, हे मी विचारलं नाही. मी घमेलंभर घातले.

त्या रात्री बादशहाने पुढच्या पायाने जमीन उकरायला सुरुवात केली. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायचा, खाली पडायचा, लोळायचा, घामाने भिजलेला. मेव्हणे फोनवर म्हणाले, ‘लोळू देऊ नका, चालवत ठेवा.’ म्हणून मी लुंगी आणि बॅटरी घेऊन सरळगावच्या रस्त्यावर घोडा घेऊन फिरायला लागलो. मध्यरात्री घोडा घेऊन फिरणाऱ्या माणसाला किती लोक भेटतात याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक जण गाडी थांबवून एकच विचारायचा: ‘शेठ, वरात कुणाची?’ एकाने तर मागून हॉर्नवर नागीण वाजवली.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरबाई आल्या, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली, आणि बादशहा पादायला लागल्यावरच बोलल्या. घोड्याला उलटी करता येत नाही. मोठ्या घोड्याचं जठरसुद्धा जेमतेम 8 ते 15 लिटरचं, गायीसारखे चार कप्पे नाहीत. त्याचं खरं कारखान्याचं काम चालतं मागच्या आतड्यात, आणि तिथले जीवजंतू गवतावर पोसलेले. त्यांच्यावर एकदम दाणा ओतला की पोट तर जातंच, खुरंही जाऊ शकतात. ‘शेठ, तुम्ही भात भरडायच्या हलरमध्ये एकदम दोन पोती ओतता का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायची ती वेळ नव्हती.

सकाळी तोंड उघडून बघितलं तर दाढांच्या कडा धारदार होऊन गालात घुसत होत्या. खानदानी सवयीचा उलगडा झाला. लिदीत जंतांची अंडी निघाली. मी अभिमानाने दाखवलेल्या पोटावर थाप मारून बाई म्हणाल्या, ‘यात मांस नाही. पेंढा आणि जंत.’ मग कोंड्याची मूठ घेतली, फुंकर मारली, वास घेतला. हलरच्या कोंड्यात तुसाचा चुरा असतो, उरलेल्यात तेल असतं, ते चार दिवसांत खवट होतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे त्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नावालाच. वाढत्या घोड्याला पाहिजे बरोब्बर उलटं. नाहीतर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं आणि तोंड सुजतं. युरोपात हा आजार पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना व्हायचा, कारण त्यांच्याकडे कोंडा फुकट असायचा. एवढं बोलून त्यांनी माझ्या गिरणीच्या पाटीकडे पाहिलं.

अमेरिकेत डॉन हेनेके यांनी 1983 साली घोड्याची अंगलट हाताने चाचपून 1 ते 9 गुण द्यायची पद्धत बसवली. मान, खांदा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ बघून बाईंनी बादशहाला दिले दोन. आईने विचारलं, ‘पास कितीला?’ बाई म्हणाल्या, ‘पाचला. नऊ मिळाले तरी नापासच.’

दाढा घासल्या, जंताचं औषध दिलं. खुराक ठरला तो ऐकून मी खाली बसलो: रोज चार-पाच किलो चांगलं वाळलं गवत, दिवसभर थोडं थोडं. वर मापून भिजवलेले हरभरे, थोडी सोयाबीनची पेंड, मिठाचा खडा, आणि बदल आठ-दहा दिवसांत सावकाश. कोंडा शून्य.

‘गवत कुठून आणू?’

‘तुमचा माळ आहे ना?’

होता. दरवर्षीप्रमाणे त्याचं उभं गवत मी दसऱ्यालाच व्यापाऱ्याला विकलं होतं. मुंबईच्या तबेल्यांसाठी त्याने ते कापून वखारीत रचलंही होतं. माझ्या माळावरचं गवत मी त्याच्याकडून विकत घेतलं, कापणी, भरणी आणि वाहतूक धरून. पावती देताना तो म्हणाला, ‘माल एक नंबर आहे शेठ, खात्रीचा माळ आहे.’

मांसाचा मामला वेगळा. नुसतं खाऊन मांस येत नाही, त्याला काम लागतं, आणि बसायला तर मनाई, कारण घोड्याच्या पाठीचे मणके पुरते जुळायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणून दोरी धरून चढावर चालवायचं. रोज पहाटे मी पुढे, तो मागे, असे आम्ही टेकडीवर निघायचो. टेकडीच्या मध्यापासून तो पुढे आणि मी मागे. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या मांड्या भरल्या, कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस चढलं, बरगड्या हाताला लागायच्या पण डोळ्यांना दिसत नव्हत्या. शिंप्यांनी नवं माप घेतलं: घेर 152, लांबी 138, म्हणजे 268 किलो. गुण साडेचार.

तुळशीच्या लग्नानंतर पहिलं गिऱ्हाईक वरातीची चौकशी करत आलं. लग्न वैशाखात, तोवर बादशहा तिसरं वर्ष ओलांडेल, तरी नवरदेवाला वर बसवायचं नाही, नुसता पुढे नाचवायचा, असं मी अटींसकट सांगत होतो. पाहुण्यांनी बादशहाभोवती चक्कर मारली.

‘घोडा झकास आहे. पांढरा नाही का?’

‘नाही.’

‘मग राहू द्या. आमच्याकडे पांढराच लागतो.’ जाताना ते गिरणीच्या मागे थबकले. ‘शेठ, तो कोंडा देता का? म्हशींना पाहिजे होता.’

दोन पोती घेऊन गेले. रोख.